बँक-विम्याच्या ग्राहकसेवेत आहात? कामाच्या गोष्टी इथे लिहा

पासबुक:
कपाट आवरताना ट्रेनिंगची वही हाती लागली. पहिल्या पानावर लाल शाईत एकच ओळ आहे, 'टी म्हणजे व्यवहाराचा दिवस'. नवी मुलं गोड बोलायची तयारी करून येतात. तेही लागतंच, पण अडखळतात ती तारखांमध्ये.

साधा कॉल घ्या. 'एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून पैसे गेले.' आधी स्टेटमेंट उघडा, कारण बऱ्याचदा रक्कम त्याच दिवशी परत आलेली असते. आली नसेल तर तारीख, वेळ, एटीएम कोणत्या बँकेचं आणि स्लिपवरचा व्यवहार क्रमांक विचारा. एक प्रश्न हमखास राहतो, तो म्हणजे काहीच आलं नाही की कमी आलं. दहा हजारांपैकी सहा हजार हातात पडले आणि तुम्ही पूर्ण दहाचा दावा टाकला, तर मशीनच्या जर्नलशी (व्यवहारांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीशी) आणि कॅश टॅलीशी (मशीनमधल्या रोकडीच्या हिशेबाशी) तो जुळत नाही. दावा फेटाळला जातो, मग सगळं पहिल्यापासून. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच घ्यायची, मशीन कुणाचंही असो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पैसे परत करायची मुदत टी+५, म्हणजे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवस, कॅलेंडरचे. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची असते. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याला पोचले नाहीत तर टी+१, दुकानदाराच्या पेमेंटला टी+५.

आता तुम्ही लिहा.

निळी_शाई:
फसवणुकीच्या कॉलचा क्रम लिहिते. आधी बंद करा, मग ऐका. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, तिन्ही. एकच बंद करून बोलत बसलात तर दुसऱ्या वाटेने पैसे जात राहतात. मग सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर (तक्रारीचा क्रमांक) द्या, एसएमएस पोचला का ते विचारा, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगा.

कारण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाची चौकट अशी आहे: चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही आणि त्याने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित, नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून नोंदीत कॉल लागल्याची वेळ हवी, नोंद टाइप करून संपल्याची नाही. त्या आठ-दहा मिनिटांत आणखी एक व्यवहार झाला तर त्याचा भार कुणावर, हे त्या वेळेवर ठरतं.

आणि 'ओटीपी का दिलात?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. माणूस घाबरतो आणि पुढचं लपवतो.

चौथा_मजला:
१९३० व्यस्त असतो बऱ्याचदा

निळी_शाई:
हो ना. मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायला सांगायचं. पण बँकेतली नोंद त्यासाठी थांबवायची नाही.

क्यूए_वाली:
क्वालिटी ऑडिटमध्ये (कॉल ऐकून गुण देतात त्यात) अख्खा कॉल शून्यावर नेणारी चूक म्हणजे व्हेरिफिकेशन (ग्राहकाची ओळख पटवणं) अपुरं असताना माहिती देणं. नेहमीचा प्रसंग: मुलगा फोन करतो, 'बाबांचं खातं आहे, ते शेजारीच बसलेत, शिल्लक सांगा.' सगळी उत्तरं बरोबर देतो. तरीही नाही. बाबांना फोनवर घ्या, त्यांचं व्हेरिफिकेशन करा, मग ते म्हणाले तर बोला. कार्ड हरवल्याची खबर मात्र बहुतेक ठिकाणी कुणाकडूनही घेतात, कारण बंद करण्यात गुपित फुटत नाही. तुमच्या प्रोसेसमध्ये काय लिहिलंय ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

नोंदीची भाषाही जपा. 'ग्राहकाने ओटीपी दिला' आणि 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार त्याने एका लिंकवर माहिती भरली' यात फार अंतर आहे. पुढे वाद झाला की हीच नोंद वाचली जाते आणि जबाबदारी सिद्ध करायची असते बँकेला. तुमचा अंदाज नोंदीत घालू नका.

कॉल होल्डवर ठेवण्याबद्दल उद्या लिहिते, कुकर लावलाय.

मोगरा२२:
विषय थोडा वेगळा, पण घसा!! सलग कॉल असले की संध्याकाळी आवाज बसतो. कुणाकडे उपाय?

पासबुक:
मोगराताई, माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या जरा खाली हवा. समोर असला की श्वास त्यावर आपटतो, ग्राहकाला नीट ऐकू येत नाही, आणि आपण नकळत आवाज चढवतो. घशाचं अर्धं दुखणं तिथलं. पाणी कोमट, घोट घोट.

मोगरा२२:
अय्या, माझा अगदी समोरच आहे. उद्याच बदलते 🙏

काउंटर_क्र_३:
शाखेतल्यांसाठी. मृत खातेदाराचे दावे हे सगळ्यात जपून करायचं काम. नॉमिनी असेल किंवा 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'चं (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला चालवेल असं) खातं असेल तर वारसा दाखला मागू नका. दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि ओळखीचा पुरावा पुरतो. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचं. गडबड कुठे होते? कागद तुकड्यातुकड्यांत मागितले जातात. आज हे नाही, उद्या ते नाही, असं म्हणत त्या घरच्यांना चार खेपा घालायला लावतात. पूर्ण यादी पहिल्याच भेटीत कागदावर द्या. त्यांना खुर्ची द्या, रांगेत उभं करू नका.

वारसांचं भांडण काउंटरवर आलं तर एवढंच सांगा की नॉमिनी वारसांच्या वतीने पैसे घेतो, मालकी वारसा कायद्याने ठरते. त्याहून जास्त बोलू नका.

रानवारा:
काउंटरदादा, आईच्या खात्याला नॉमिनीच नाही. आता लावता येईल?

काउंटर_क्र_३:
कधीही लावता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी चालतात, एकाच वेळी टक्के वाटून किंवा एकामागून एक. टक्के दिले तर बेरीज १०० हवी. लॉकरला फक्त एकामागून एक. पोच मागून घ्या, ती देणं बँकेला बंधनकारक आहे.

रानवारा:
सोमवारीच जाते आईला घेऊन. धन्यवाद दादा

दुपारची_पाळी:
माझ्याकडे विमा. टार्गेटच्या दबावात पॉलिसी 'एफडीसारखीच आहे' असं सांगून गळ्यात मारली जाते, आणि मग तो ग्राहक रडत आमच्याकडे फोन करतो. पहिला प्रश्न एकच: पॉलिसीचं कागदपत्र हातात कधी पडलं? त्या दिवसापासून ३० दिवस फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत. मुदतीत असेल तर 'वरिष्ठांशी बोलतो' म्हणून ताटकळत ठेवू नका, रद्द करण्याचा अर्ज कसा द्यायचा ते त्याच कॉलवर सांगा. परताव्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क वजा होतं, हेही तेव्हाच सांगा. नाहीतर महिन्याने 'पैसे कमी आले' हा दुसरा कॉल येतोच.

चौथा_मजला:
गोठवलेल्या खात्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पोलिसांच्या सूचनेवरून लिअन (रक्कम अडवून ठेवणं) असेल तर सिस्टीममध्ये दिसणारा तक्रार क्रमांक आणि ठाणं, प्रोसेसमध्ये बसेल तेवढं सांगा, म्हणजे माणूस योग्य दारी जाईल. पण व्यवहार संशयास्पद म्हणून वर कळवला गेला असेल तर त्याची कुणकुणही ग्राहकाला लागू द्यायची नाही. तो कायदाच आहे. मैत्रीखातर केलेला इशाराही नोकरी घालवतो.

शेवगा:
भाचा पदवीधर आहे, मुलाखत गुरुवारी. पुढे वाव आहे का यात? घरचे म्हणतात कॉल सेंटर म्हणजे दोन वर्षांत कंटाळा

क्यूए_वाली:
(कुकर झाला.) शेवगाकाका, वाव आहे, फक्त कॉलवरच बसून राहू नये. वर्ष-दीड वर्षाने डिस्प्यूट (वादातले व्यवहार) किंवा चार्जबॅक (कार्डाचे पैसे परत मागवणं) डेस्क मागावा, तिथे व्यवहार आतून कळतो. मग क्वालिटी, ट्रेनिंग, किंवा नोडल डेस्क, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही की ग्राहक तिकडे जाऊ शकतो, त्यामुळे तिथे नीट लिहिता येणाऱ्याला मान असतो. परीक्षा: बँकेचा कर्मचारी झाला तर जेएआयआयबी, चार पेपर. म्युच्युअल फंडाकडे कल असेल तर एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची ५-ए.

मुलाखतीत बहुधा चिडलेल्या ग्राहकाचा मॉक कॉल (लुटुपुटीचा कॉल) देतात. तिथे नुसतं 'सॉरी' म्हणत राहू नये. ऐकलेलं एका वाक्यात परत सांगायचं, रक्कम आणि तारीख विचारायची, आणि शेवटी 'अमुक तारखेपर्यंत अमुक होईल' असं ठोस बोलायचं. 'लवकरात लवकर' म्हटलं की गुण गेले.

शेवगा:
त्याला हेच वाचायला देतो. बरं, मराठी चालते का मॉक कॉलमध्ये?

दुपारची_पाळी:
काका, ग्राहक ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत. परीक्षक मध्येच हिंदीवर जातात, मुद्दाम. तेव्हा त्यानेही हिंदीवर जायचं. आणि रक्कम दोनदा म्हणायची, एकदा पूर्ण, एकदा आकडा आकडा सुटा करून, 'पंधराशे, एक-पाच-शून्य-शून्य'. फोनवर पंधरा आणि पन्नास सारखेच ऐकू येतात.