शंखातल्या खेकड्याने वाळूवरच कात टाकली आहे. हात न लावता त्याचे निरीक्षण कसे करावे?

धानबांधी (तालुका साकोली, जिल्हा भंडारा)
२७ मे

नमस्कार. मार्च महिन्यात मुलीच्या हट्टापायी नागपूरच्या एका दुकानातून शंखात राहणारे दोन जमिनीवरचे खेकडे, म्हणजे हर्मिट क्रॅब, घरी आणले. काचेच्या पेटीत दोन बोटे वाळू, एक ओला स्पंज आणि खाण्याच्या गोळ्या एवढे पुरे होईल असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही तसेच केले. आमचे घर कवेलूचे आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागल्यापासून दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि वीज गेली की कूलरही बंद पडतो.

गेले दहा-बारा दिवस मोठा खेकडा खाणे सोडून पाण्याच्या वाटीत बसून होता. त्याचा रंग राखेसारखा झाला, डोळ्यांवर साय धरल्यासारखी दिसू लागली आणि रात्री तो कोपऱ्यातली वाळू उकरू लागला. पण दोन बोटांखाली काच लागते, त्यामुळे नख्या काचेवर घासल्याचा आवाज येई आणि तो परत फिरे. आज पहाटे पाच वाजता पाहिले, तर शंखाच्या तोंडाशी एकाऐवजी दोन खेकडे असल्यासारखे वाटले. एक मातकट रंगाचा, पाय वाळूवर पसरलेला; आणि त्याच्या मागे, शंखातून अर्धा बाहेर आलेला दुसरा, मेणासारखा फिकट, पाय पोटाशी दुमडलेला आणि अगदी निश्चल. मुलगी रडू लागली. तो मेला असे समजून मी उचलणारच होतो, पण विजेरीच्या उजेडात त्याची एक मिशी हलल्यासारखी दिसली आणि मी हात मागे घेतला.

त्याच्यावर वाळू लोटावी का, पडलेले कवच काढून टाकावे का आणि दुसरा खेकडा तसाच पेटीत राहू द्यावा का, हे कृपया सांगावे. मी शिक्षक आहे. त्याला त्रास होणार नसेल, तर मुलांसह या सगळ्याची नोंद ठेवण्याची इच्छा आहे.

चांदागड
२७ मे

गुरुजी, आपण हात मागे घेतलात हे फार बरे केले. त्या पसरलेल्या मातकट खेकड्याच्या डोळ्यांकडे दुरून पाहा. डोळ्यांचे देठ काचेच्या नळीसारखे पोकळ दिसले, तर ते रिकामे कवच आहे आणि मागचा फिकट जीव हाच तुमचा खेकडा आहे. मेलेल्या खेकड्याला एक-दोन दिवसांत सडक्या मासळीची उग्र दुर्गंधी सुटते. तशी दुर्गंधी येत नाही तोवर तो जिवंत आहे असेच धरून चालावे, मग आठवडाभर हालचाल दिसली नाही तरी चालेल.

सर्वांत आधी दुसरा खेकडा वेगळा करा, आणि हे काम संध्याकाळवर टाकू नका. कात टाकलेल्या खेकड्याचे अंग मऊ असते, त्याच्या वासाने जोडीदार जवळ येतो आणि त्याला खाऊन टाकतो. माझा पहिला खेकडा मी असाच गमावला. कात टाकणाऱ्याला जागचा हलवू नये, दुसऱ्यालाच बादलीत किंवा टोपल्यात हलवावे. दुसऱ्यासाठी जागाच नसेल, तर दोन लिटरच्या बाटलीचे बूड कापून ती नळकांड्यासारखी आजाऱ्याभोवती वाळूत काचेपर्यंत रोवावी.

वाळू अंगावर लोटू नका, मऊ अंगाला तिचे वजन सोसत नाही. कवचही काढू नका. तेच त्याचे पुढच्या दोन-तीन आठवड्यांचे जेवण आहे, कारण नवे कवच टणक करण्यासाठी लागणारे कॅल्शियम तो त्यातूनच परत मिळवतो. त्याला पाण्यात बुडवू नका आणि अंगावर फवाराही मारू नका.

आपल्याकडे खरा शत्रू कोरडी हवा आहे. हे खेकडे जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात आणि कल्ले सुकले की ते गुदमरतात. पेटीत आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश हवे. पेटीवर काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण ठेवून बारीकशी फट सोडा, कडेला कोमट पाण्यात भिजवलेले शेवाळ किंवा स्पंज ठेवा आणि पेटीच्या बाहेरच्या तीन बाजूंना ओले गोणपाट गुंडाळा. मे महिन्यात मी पेटी माठाशेजारी, घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत ठेवतो. कूलरची हवा थेट पेटीवर येऊ देऊ नका, ती पेटीतला ओलावा ओढून नेते. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर असते, म्हणून पिण्यासाठी विहिरीचे पाणी ठेवावे, किंवा नळाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

बोडीकाठ
२८ मे

मला या विषयातले फारसे कळत नाही, पण एक विचारावेसे वाटते. हा जीव इथल्या उन्हात इतके हाल सोसत असेल, तर बरा झाल्यावर त्याला गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा वैनगंगेत सोडून देणे अधिक दयेचे होणार नाही का? आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खेकडे सुखाने राहतातच.

जीवशास्त्र_वर्धा
२८ मे

बोडीकाठ, आपली कळकळ समजते, पण तलावात सोडणे म्हणजे त्याला मारणेच होईल. बांधीतला खेकडा गोड्या पाण्याचा आहे. त्याची मादी पोटाखालच्या झडपेत अंडी बाळगते आणि त्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर पडतात, म्हणून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भंडारा-गोंदियातही त्यांचा वंश चालतो. शंखातल्या खेकड्याच्या अळ्या मात्र समुद्राच्या पाण्यातच वाढतात. दुकानांत मिळणारे जवळजवळ सगळे खेकडे याच कारणाने किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. यापुढे ते विकत घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पण जो घरात आला आहे, तो नीट जपल्यास दोन-तीन दशकेही जगू शकतो, तेव्हा त्याची जबाबदारी आता गुरुजींवर आहे.

गुरुजी, मुलांना सांगताना सुरुवात आपल्या बांधीपासूनच करावी. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जे पोकळ, हलके खेकडे सापडतात आणि ज्यांना आपण मेलेले समजतो, त्यांतली कित्येक नुसती टाकलेली कवचे असतात. कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो, म्हणून ते बदलावे लागते. डोळ्यांच्या देठांत असलेल्या ग्रंथीतून एक संप्रेरक सतत पाझरत असते आणि ते कात टाकणे रोखून धरते. त्याचे प्रमाण घटले की दुसरे संप्रेरक, एक्डायसोन, वाढते आणि जुन्या कवचाच्या आत नवे, मऊ, घड्या पडलेले कवच तयार होऊ लागते. मग खेकडा भरपूर पाणी साठवतो, आणि कात टाकल्यावर त्या पाण्याच्या जोरावर अंग फुगवून नव्या कवचाच्या घड्या ताणून घेतो. आपला खेकडा पाण्याच्या वाटीत का बसून होता, याचे उत्तर यात आहे. कवचाबरोबर मिशांचे, डोळ्यांचे, कल्ल्यांचे, इतकेच काय पण जठराच्या आतले अस्तरही निघून येते.

हे सगळे त्याने वाळूखाली, अंधारात करायचे असते. वरच केले याचा अर्थ त्याला खाली जागा मिळाली नाही. खोली निदान सहा इंच, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट हवी, आणि वाळू इतकी ओली हवी की मुठीत दाबली असता लाडू वळावा. वैनगंगेची बारीक वाळू चाळून, उकळत्या पाण्याने धुऊन, पाच भागांना एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास उत्तम होते. सध्या मात्र त्या पेटीतले काहीही बदलू नये. नवी पेटी शेजारी तयार करावी.

पाहणी दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटे, मंद उजेडात करावी. एरवी पेटीवर काळे कापड असू द्यावे. छायाचित्र घेताना फ्लॅश बंद ठेवावा. मुलांनी एकेक करून यावे, पेटीला हात टेकू नये, आणि जे दिसले तेच लिहावे. कवचाचा कोणता भाग आधी नाहीसा होतो, पायांच्या टोकांचा रंग कधी बदलतो, डावी मोठी नांगी शंखाचे दार म्हणून पुन्हा कधी बसते, एवढ्यावरच एक वही भरेल. आणखी एक, काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकूल या समुद्री जीवाचे कॅल्शियमयुक्त आतले कवच, मिळतो. त्याचा तुकडा पेटीत ठेवावा, पण सरबत किंवा लेप असे काही करू नये.

चांदागड
२८ मे

वर्धेकरांच्या सांगण्यात एकच भर घालतो. नव्या पेटीत गोड्या पाण्याच्या वाटीशेजारी समुद्री पाण्याचीही वाटी हवी, आणि ते पाणी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या सागरी मिठाचेच असावे, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. शिवाय दोन-तीन मोठे, न रंगवलेले, गोल तोंडाचे शंख ठेवा. अंग वाढल्यावर जुना शंख अपुरा पडतो, आणि रंगवलेल्या शंखाचे पोपडे तो खातो.

धानबांधी
१९ जून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितले तसेच सर्व केले, आणि खेकडा जिवंत आहे.

पहिले पाच दिवस तो जागचा हलला नाही. नवतप्यातल्या एका दुपारी वीज चार तास गेली, तेव्हा मुलीने आणि मी आळीपाळीने गोणपाट ओले करत पेटीजवळ बसून काढली. सहाव्या दिवशी पहाटे त्याने एक पाय लांब करून जुन्या कवचाचा पाय स्वतःकडे ओढला. सगळे शांत असताना कान दिला, तर कुरमुरा दाताखाली यावा तसा बारीक आवाज ऐकू येत होता. आधी पायांच्या नळ्या गेल्या, मग पाठीचा पातळ भाग. सर्वांत जाड असलेली डावी नांगी त्याने शेवटी ठेवली, आणि तिचा नखाएवढा तुकडा अजून पडून आहे. मेणासारखा रंग दहाव्या दिवसापासून तांबूस होऊ लागला. झिजून बोथट झालेल्या पायांच्या जागी आता काळी, अणकुचीदार टोके आली आहेत. मार्चमध्ये त्याची उजवीकडची एक मिशी अर्धी तुटलेली होती, ती आता पूर्ण आहे. हे प्रथम मुलीच्या लक्षात आले.

चार दिवसांपूर्वी इकडे पाऊस लागला आणि गोणपाटाची गरज उरली नाही. काल रात्री त्याने जवळ ठेवलेल्या मोठ्या शंखाच्या तोंडात नांगी घालून बराच वेळ चाचपून पाहिले, पण तो जुन्याच शंखात परतला. दुसरा खेकडा नव्या पेटीतल्या आठ इंच वाळूत परवा स्वतःहून शिरला आहे आणि वर फक्त एक खळगा दिसतो. तिथे मुलीने चिठ्ठी लावली आहे, वाळू हलवू नये म्हणून. मोठ्याला नव्या पेटीत केव्हा न्यावे हे कृपया कळवावे. तिथे खाली दुसरा असताना नेणे योग्य होईल का?

जीवशास्त्र_वर्धा
२० जून

आत्ता नेऊ नये. नवा येताच उकरू लागला, तर खालच्याचे घर ढासळेल. खालचा स्वतःहून वर येऊन खाऊ लागेपर्यंत, मग त्याला दोन महिने लागोत, मोठ्यासाठी तेवढ्याच खोलीची तिसरी पेटी करावी. उरलेला नांगीचा तुकडा त्याच्याबरोबरच तिच्यात ठेवावा.