हॉस्टेल रेक्टर, विद्यार्थी शिस्त वगैरे काम: यात पुढे करिअर आहे का? (नागपूर)

वाळ्याची_ताटी

सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांब होणार आहे, पण कोणाला विचारावं तेच कळत नाहीये म्हणून इथं टाकून राहिली आहे.

मी २७ ची, एमएसडब्ल्यू (समाजकार्यात मास्टर्स) झालंय. दोन वर्षांपासून शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये असिस्टंट रेक्टर आहे, कॉलेजचं नाव नाही सांगत. २१० मुली, रेक्टर मॅडम, मी आणि रात्रीची एक गार्ड मावशी. राहणं तिथंच. घरचे म्हणतात ही काय नोकरी आहे, हजेरी घ्यायची, गेट लावायचं, मेसवाल्याशी भांडायचं, याच्यात पुढं काय, आणि बाबा रोज फोनवर बीएड नाहीतर बँकेची परीक्षा हेच लावून धरतात. पण मला हे काम खरंच आवडतं. पहिल्या वर्षाची पोरगी ऑगस्टमध्ये रडत येते आणि डिसेंबरपर्यंत अख्ख्या मजल्याची पुढारी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता विचारायचं कारण. मागच्या आठवड्यात शिस्त समितीची बैठक होती, मी पहिल्यांदा आत बसली. प्रकरण असं की दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीनं खोलीत स्वतःचा छोटा कूलर आणून लावला, नियमात बसत नाही, आणि रात्री वायर तापून एमसीबी पडली, पूर्ण विंग अंधारात, दुसऱ्या दिवशी मुलींचा पेपर. पारा ४४ वर. समितीनं तिला आत बोलावलं, कूलर तुझाच का विचारलं, ती हो म्हणाली, आणि दहा मिनिटांत या सेमिस्टरसाठी हॉस्टेलमधून काढलं. तिचं घर गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे, गावाला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. आता नागपूरलगतच्या वाडीला मैत्रिणीच्या खोलीवर राहून पेपर देऊन राहिली आहे.

मला झोप न येण्याचं कारण वेगळं आहे. त्या मजल्याच्या कॉरिडॉरमधल्या कूलरचा पंप तीन आठवड्यांपासून जळालेला होता. तक्रार रजिस्टरमध्ये तीन नोंदी आहेत, तिन्ही माझ्या अक्षरात. समितीत कोणी रजिस्टर मागितलं नाही, आणि मीही उठून आणलं नाही. सगळे सीनियर सर बसले होते, मी गप्प राहिली.

तर माझे प्रश्न, या कामाचं कुठं शिक्षण असतं का? सरकारी, केंद्रीय संस्थेत काही पोस्ट निघतात का? ऐकलंय की बाहेरच्या देशात हा पूर्ण पेशा आहे. आणि त्या मुलीसाठी आता काही करता येतं का, की विषय संपला?

रेक्टरकाकू_निवृत्त

बेटा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण विषय संपलेला नाही. मी २६ वर्षं मुलींची हॉस्टेलं सांभाळली. प्राचार्यांना साधं पत्र लिहून फेरविचार मागता येतो, आणि मुलीनं स्वतः विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला तर आणखी बरं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे नियम आहेत, त्या समितीनं शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यानंतरही समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. तिला हे कोणी सांगितलंय का? नसेल तर आजच सांग. काढण्याचा आदेश तिला लेखी मिळाला का तेही बघ, तोंडी असेल तर लेखी मागायला लाव, म्हणजे अर्जात कशाविरुद्ध बोलायचं ते समोर राहील.

आता तुझ्या गप्प बसण्याबद्दल. ती चूक झाली, हे मी तुला गोड करून सांगणार नाही. समितीत रेक्टर किंवा असिस्टंट रेक्टर कशासाठी असते, तर कागद आणायला. सरांना मजला माहीत नसतो, पंप माहीत नसतो, ती पोरगी कोण तेही माहीत नसतं. ते फक्त तुला माहीत असतं. मी पुढं पुढं एक सवय लावून घेतली होती, बैठकीला जाताना तीन गोष्टी हातात, तक्रार रजिस्टर, रात्रीची डायरी आणि त्या मुलीचं प्रवेशाचं पान, कोणी मागो न मागो टेबलावर ठेवून द्यायची. टेबलावर ठेवलेलं रजिस्टर कोणीतरी उघडतंच.

डायरी रोज लिही. वेळ, कोण, काय पाहिलं. ‘उद्धट वागली’ असं लिहू नको, ती काय शब्द बोलली ते लिही. आणि दोघींचं भांडण असेल तर दोघींना वेगवेगळं बसवून ऐक, त्यांच्याकडून लिहून घे, वाचून दाखव, सही घे.

घरच्यांना सांग की ही पोस्ट हवेतली नाही. रॅगिंगबद्दलचे यूजीसीचे २००९ चे नियम वाच. त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक हॉस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन पाहिजे, हॉस्टेलमध्ये किंवा अगदी जवळ राहणारा, २४ तास सापडणारा, आणि त्याची निवड करताना शिस्त सांभाळण्याची ताकद पाहायची तसंच मुलांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं कसबही पाहायचं. मी हे पान प्रिंट काढून माझ्या ऑफिसात लावलं होतं. आपल्या महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा तर त्याच्या दहा वर्षं आधीचा, १९९९ चा. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर निलंबन आणि प्रकरण लगेच पोलिसांकडे. चौकशी टाळली तर प्रमुखच साथ दिल्याचा दोषी धरला जातो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. हे कलम माहीत असलेली रेक्टर खोलीत बसली की बैठकीचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

बाकी रात्रीचं तुला माहीतच आहे. अडीच वाजता दार वाजतं आणि तसंच ऑटो करून मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत. माझ्या मुलाच्या दहावीत मी घरी कमी आणि हॉस्टेलात जास्त होते, ते दुःख आहेच. लग्न ठरवताना हे आधी बोलून घे.

गृहपाल_भाऊ

ताई, मी शासकीय वसतिगृहात गृहपाल आहो, आपल्या विदर्भातच. तुमच्यासाठी हा रस्ता सर्वात जवळचा आहे म्हणून लिहून राहिलो.

समाजकल्याणची गृहपाल/अधीक्षक पदं निघतात, २०२४ मध्ये २१९ जागांची जाहिरात आली होती त्यात मोठा भाग गृहपाल-अधीक्षकांचाच होता, आणि महिलांसाठी वेगळी पदं असतात कारण मुलींच्या वसतिगृहाला महिलाच लागते. आदिवासी विकास विभागाची भरती वेगळी, तिथं गृहपालाला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी चालते, म्हणजे तुमचं एमएसडब्ल्यू कामी येते. घरच्यांना हे आधी सांगा बाप्पा, सरकारी म्हटलं की आवाज कमी होते.

पण काम वेगळं आहे हे समजून या. आमच्याकडं शिस्तीची प्रकरणं कमी आणि कागद जास्त. प्रवेशाच्या याद्या, जेवणाचा ठेका, निर्वाह भत्ता, जागा भरल्या की राहिलेल्या पोट्ट्यांना स्वाधार योजनेचा (बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणारी) फॉर्म भरून देणं. जुलै-ऑगस्टमध्ये गडचिरोली, मेळघाटाकडून पोट्टे बापाला घेऊन येतात, पेटी हातात, आणि यादीत नाव नसते. त्या बापाशी काय बोलायचं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाही. मी पहिल्या वर्षी नुसतं ‘यादीत नाव नाही’ म्हणायचो. आता त्याला बसवतो, पाणी देतो, दुसरा फॉर्म समोरच भरून घेतो मंगच जाऊ देतो. त्यातले दोघं-तिघं नंतर दुसऱ्या यादीत लागले.

केंद्रीय संस्थांचं म्हणाल तर नागपुरात आता व्हीएनआयटी आहे, एम्स, आयआयएम, ट्रिपल आयटी, शिवाय राज्याची लॉ युनिव्हर्सिटी, सगळ्यांचे कॅम्पस राहण्याचे. पण अशा ठिकाणी वॉर्डन म्हणजे बहुतेक प्राध्यापकच, शिकवणं सांभाळून ज्यादा चार्ज. पूर्णवेळ माणूस म्हणजे केअरटेकर, हॉस्टेल सुपरिंटेंडंट, असिस्टंट वॉर्डन, आणि त्यातल्या खूप जागा कंत्राटी. मोठी उडी म्हणजे असिस्टंट रजिस्ट्रार, पीजीला ५५ टक्के लागतात, पगाराची लेव्हल १०, मूळ पगार ५६,१०० पासून. तिथून विद्यार्थी कल्याण, हॉस्टेल, शिस्त असे विभाग मिळू शकतात. राज्य विद्यापीठात विद्यार्थी विकास संचालक हे पद आहे, तेही नजरेत ठेवा.

प्रतापनगर_ते_मिडवेस्ट

हाय ताई, मी मूळचा प्रताप नगरचा, सध्या अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत हॉल डायरेक्टर आहे, म्हणजे ४०० मुलांच्या इमारतीतच माझा फ्लॅट आहे. हो, इकडे हा पूर्ण पेशा आहे. हायर एज्युकेशन आणि स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स असतं, साधारण दोन वर्षं, आणि बरेच जण ते करताना हॉलमध्येच असिस्टंटशिप करतात, त्यात राहणं, जेवणाचा प्लॅन, थोडा स्टायपेंड आणि पुष्कळ ठिकाणी फीची माफी मिळते. मी तसाच शिकलो, नाहीतर घरून इतके पैसे निघणार नव्हते. पुढं हॉल डायरेक्टर, मग असिस्टंट डायरेक्टर, आणि शिस्तीची बाजू आवडली तर स्टुडंट कंडक्ट ऑफिस, त्या लोकांची तर देशभराची वेगळी संघटना आहे.

तुमची कूलरची गोष्ट वाचली आणि मला क्लासमधला पहिला आठवडा आठवला. आम्हाला सुरुवातीलाच १९६१ चा डिक्सन विरुद्ध अलाबामाचा निकाल वाचायला देतात. १९६० मध्ये माँटगोमेरीत काळ्या विद्यार्थ्यांनी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन जेवण मागितलं, कॉलेजनं त्यांच्यातल्या काहींना सुनावणीच न घेता काढून टाकलं, आणि कोर्टानं सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येत नाही, आधी आरोप कळवा आणि बाजू मांडू द्या. तोपर्यंत कॉलेज म्हणजे आईबाप, ते म्हणतील ते खरं, असंच चालायचं. माझं आजचं सगळं काम त्या निकालावर उभं आहे. मुलाला आधी लेखी नोटीस जाते, त्यात कुठला नियम मोडल्याचा आरोप आहे ते असतं, तो येतो, बोलतो, साक्षीदार देऊ शकतो, आणि शेवटी आम्ही ‘गुन्हेगार’ हा शब्द वापरत नाही, ‘जबाबदार आहे’ किंवा ‘जबाबदार नाही’ इतकंच लिहितो. नंतर अपील. तुमच्या मुलीला ‘कूलर तुझाच का’ विचारलं, ‘का आणला’ हे नाही विचारलं. माझ्या ऑफिसात तो दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय फाइल बंद होत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून जड जाते. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजात आलं की त्याच्या फाइलमधलं आईवडिलांनाही सहसा त्याच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही, जीवावरचा प्रसंग वगैरे अपवाद सोडून. आई फोनवर रडत असते आणि मी काही बोलू शकत नाही. तुमच्याकडे उलटं, पहिला फोन घरी जातो, आणि कधी कधी त्या फोनच्या भीतीनं मुलगी खरं सांगतच नाही. दोन्हींतलं बरोबर कुठलं हे मला ठरवता आलेलं नाही.

व्हिसाचं आधीच डोक्यात ठेवा. या पदासाठी स्पॉन्सर न करणारी विद्यापीठं भरपूर आहेत, प्रत्येक ठिकाणी ॲडमिशनच्या आधीच ईमेल करून विचारा. कर्ज काढून यायचं असेल तर मी नाही म्हणेन.

दुसरा_मजला

मी करिअरबद्दल काही सांगू शकत नाही, पण मी हॉस्टेलमधून काढलेला मुलगा आहे, अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात. माझी चूक होती, शिक्षाही बरोबर होती. पण वॉर्डन सरांनी त्याच दिवशी खोली शोधून दिली होती आणि महिनाभर दर रविवारी फोन केला. ताई, ती मुलगी वाडीला नीट आहे का, पेपरच्या दिवशी सकाळी कशी येते, हे तुम्ही विचारलंय का? नसेल तर विचारा प्लीज. आणि काही जास्त वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडे असू द्या, मराठीत बोलतात.

वाळ्याची_ताटी

सगळ्यांचे खूप आभार, दोन वेळा वाचलं सगळं.

दुसरा मजला भाऊ, नव्हतं विचारलं. आज ड्यूटी संपल्यावर वाडीला जाऊन आली. तब्येत ठीक आहे, पण सकाळी साडेसहाला निघावं लागतं आणि खोलीत चौघी. ती माझ्यावर चिडलेली नव्हती, ते जास्त लागलं. मी तिला रजिस्टरचं सांगितलं, की नोंदी माझ्याच आहेत आणि मी त्या दिवशी बोलली नाही. तिला माहीतच नव्हतं की अशा नोंदी असतात. आदेश तिला तोंडीच दिला आहे, आता लेखी मागायचा अर्ज तिनं माझ्यासमोरच लिहिला. तक्रार निवारण समितीचा अर्ज उद्या लिहिते म्हणाली.

माझं पत्र मी लिहून ठेवलंय, सोमवारी प्राचार्यांना देईन. रेक्टर मॅडमना आधी सांगितलं, त्या थोड्या नाराज झाल्या पण थांबवलं नाही. गृहपाल भाऊ, जाहिरातींवर लक्ष ठेवते, बाबांना ५६,१०० चा आकडा सांगितला तर ते पहिल्यांदा पुढं काय असं न विचारता कोणती परीक्षा असं म्हणाले.

काकू, एकच विचारायचं होतं, रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्सवर कॉलेजचा शिक्का लागेल का? शिक्का ऑफिसात असतो आणि ते देतील असं वाटत नाही.

रेक्टरकाकू_निवृत्त

नाही लागत. पान क्रमांक आणि तारखा पत्रातच लिही, मूळ रजिस्टर हॉस्टेलात आहे, केव्हाही पाहता येईल असं एक वाक्य घाल. पत्राच्या दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको. आणि त्या कूलरचा पंप बसला का अजून? बसला नसेल तर चौथी नोंद आजच कर.