ब्लाउजच्या पिशवीत सुवार्तेची पत्रिका टाकावी का?

शिवणवाली
जय ख्रिस्त. मी नगरला घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी महिला मंडळात प्रत्येकीला येशूची सुवार्ता सांगणाऱ्या पत्रिकांचा गठ्ठा दिलाय. म्हणाले, "तुला तर कुठं जायलाही नको, गिऱ्हाईकच दारात येतं." "सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा" हे मत्तय 28:19 मलाही तोंडपाठ आहे हो, संडेस्कूलात बक्षीस घेतलंय त्यावर. पण घडी केलेल्या ब्लाउजात गुपचूप कागद सारायचा, हे काही पटेना.

मशीनच्या वर बायबलच्या वचनांचं कॅलेंडर आहे. ते बायका आपणहून वाचतात. परवा एकीनं "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" मोठ्यानं वाचलं आणि माप द्यायचं सोडून नवऱ्याच्या दारूचंच सांगत बसली. मी ऐकून घेतलं. अशा वेळी येशूबद्दल बोलावं, की तो तिच्या अडचणीचा फायदा घेणं होईल?

निवृत्त मास्तर
ताई, आपल्या टिळकांचं आठवा. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा भेटला. सौजन्यानं वागला, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि मग नव्या कराराची प्रत हातात दिली. लपवून सामानात नाही टाकली! पुढची दोन वर्षं टिळकांनी वाचलं, मनाशी झगडले, आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. म्हणून तर त्यांची भजनं परकी वाटत नाहीत.

वांबोरीची सून
मास्तर, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विसरलात. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या बाईचे काय हाल झाले! वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सोवळं-ओवळं एकदम सुटलं नाही. बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. शिवणवाली ताई, सुवार्ता ऐकणाऱ्या बाईला घर असतं, सासर असतं. तिला तिच्या चालीनं चालू द्या.

एसटीतला प्रवासी
माझं मत वेगळं. मी एसटीच्या सीटवर पडलेल्या पत्रिकेमुळेच विश्वासात आलो. ती कुणी ठेवली, आजतागायत ठाऊक नाही. सगळेच "योग्य वेळ येऊ द्या" म्हणत बसले असते तर माझं काय झालं असतं? रोम 1:16 वाचा, सुवार्तेची लाज वाटत नाही असं पौल म्हणतो. भिडेला सौम्यपणा म्हणू नका.

फक्त वाचक
मी हिंदू आहे, मधे बोलते म्हणून माफ करा. माझ्या पिशवीत असा कागद निघाला तर मी टेलर बदलीन. राग मजकुराचा नाही, न विचारता दिल्याचा. हातात देऊन "वाचता का?" विचारलंत तर घेईन किंवा नको म्हणेन, विषय संपला.

कोर्टकचेरी
कायद्याचं थोडक्यात: राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलंय. तेव्हा पत्रिका घेणारीला शिलाईत सूट, असलं काही चुकूनही करू नका.

शिवणवाली
सूट कसली देते, अस्तराचे पैसे सुटेनात! एसटीवाले दादा, तुमचं बोलणं लागलं मनाला. पण सीटवरची पत्रिका तुम्ही स्वतः उचललीत ना? मग मीही स्टुलावर मासिकांशेजारी उघड ठेवीन. जिला हवी ती नेईल, विचारलं तर सांगेन. पिशवीत टाकणार नाही, पाळकसाहेबांना रविवारी तसं स्पष्ट सांगते.

त्या बाईसाठी प्रार्थना करू का, एवढं मात्र तिला विचारणार आहे. नको म्हणाली तरी चहा होईलच. नगरात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका कुठे भरतात, माहीत असेल तर कळवा. ब्लाउज न्यायला ती गुरुवारी येतेय.