तीन लेटमार्कला अर्धा दिवस कट: पॉलिसीत लिहिलं की झालं का?

स्टोअरवाला, कुपवाड:
कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात ११ वर्षं स्टोअरला आहे. पहिली पाळी ७ ची. दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तर आजवर कुणी बोलत नव्हतं. गेल्या महिन्यात बोर्डावर 'अटेंडन्स पॉलिसी' लागली, सगळी इंग्रजीत. तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कट.
माल उतरवून उतरवून माझ्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात. मशीन तिसऱ्या खेपेला घेतं, मागं रांग. सातला गेटवर असून ७:०६ पडतात. रोज ७२० रुपये, त्यातले ३६० कापले. एचआर म्हणतात, अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'वेळोवेळी बदलणारे नियम मान्य' असं आहे, खाली तुझी सही आहे. आहेच की. मग विषय संपला का?

जुना युनियनवाला, सातारा:
संपतोय कशानं? लेटरमध्ये तसं वाक्य असलं की पॉलिसी कराराला जोडली जाते, एवढं त्यांचं खरं. पण करार कायद्याच्या वर नाही. वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, आधी १९३६ च्या कायद्यातही हेच होतं: जेवढा वेळ गैरहजर, तेवढीच कपात. तुमची तीन दिवसांची १८ मिनिटं. तासाला ९० धरा, झाले २७ रुपये. बाकीचे ३३३ कसले?
आणि ११ वर्षं चाललेली दहा मिनिटं ही वहिवाट झाली. ती मोडायची तर कामगाराला २१ दिवसांची नोटीस लागते. बोर्डावर कागद डकवून भागत नाही.

खुर्चीच्या पलीकडची:
मी एचआरमध्येच आहे, म्हणून सांगते. हुशार माणूस म्हणेल, ही कपात नाही, दंड आहे. दंड महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंत चालतो. २६ दिवसांचे १८,७२०, त्याचे ३ टक्के ५६१. म्हणजे ३६० बसतात! पण कशाकशाला दंड, त्या यादीला सरकारी मंजुरी आधी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ते पैसे कामगारांच्याच उपयोगाला लावायचे असतात. दादा, मंजुरीचा कागद लेखी मागा. आमच्याकडं एकानं मागितला होता. दोन दिवस कपाटं उपसली, नव्हताच.

स्टोअरवाला, कुपवाड:
ताई, आता पॉलिसीच्या कागदावरही सही मागतायत.

जुना युनियनवाला, सातारा:
'प्रत मिळाली, मान्य नाही' असं मराठीत लिहा, खाली तारीख टाकून सही करा. झेरॉक्स घरी ठेवा.

स्टोअरवाला, कुपवाड:
बरं. मंजुरीचा कागद मागायचा अर्ज आज रात्रीच लिहितो. मशीनचंही त्यातच घालतो, अंगठा घेत नसंल तर कार्ड द्या म्हणून.