विषय: सुट्टीत बेळगावला जाणारी नातवंडं, आजी-आजोबांबरोबर काय करता येईल?

प्रेषक: टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी,

इथे परदेशात शाळा सुटल्या की दोन्ही मुलं (वय ७ आणि ११) २० जून ते १८ जुलै आजोळी जाणार आहेत. आजोबांचे गुडघे दुखतात, आजीला फार धावपळ झेपत नाही. गोकाकचा धबधबा, राजहंसगड, किल्ल्यातली कमल बस्ती ही यादी तयार आहे, पण त्यात फार तर चार दिवस जातील. बाकीचे दिवस टीव्ही आणि मोबाइलवर जायला नकोत. घरात बसून दोघा पिढ्यांना मिळून करता येईल असं काही सुचवा. नुसती नावं नकोत, कसं करायचं तेही लिहा.

---

प्रेषक: खानापूरकर

टिळकवाडीकर, आधी कॅलेंडर बघा. आपण इथे 'समर' म्हणतो तेव्हा तिकडे उन्हाळा संपलेला असतो. कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीस सुरू होतात. म्हणजे चुलत-मावस भावंडं दिवसभर शाळेत, बाहेर पाऊस आणि घरात फक्त आजी-आजोबा. आंबा-कैरी, पापड-कुरडया यांचा हंगाम गेलेला. 'लहानपणी सुट्टीत आपण काय करायचो' ही यादी मुलांच्या हाती देऊन पाठवू नका, ती एप्रिल-मेची आहे.

जून-जुलैचं खरं काम म्हणजे मातीचे बैल. ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्याकडचा बेंदूर (बैलांचा सण), म्हणजे कन्नड शेजाऱ्यांची कारहुण्णिमे. त्यानंतरच्या अमावास्येला ते मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात (मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल) आणि मातीची बैलजोडी पुजतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे गेलंय. बेंदूर जूनच्या अगदी शेवटी आणि अमावास्या १४ जुलैला. तुमच्या तारखांत दोन्ही बसतात.

माती कुंभाराकडून मळलेली घ्या. अंगणातली माती भिजवून, चाळून, निथळून घ्यायला उन्हात दोन दिवस पुरतात, पावसात आठवडाही कमी पडतो. चार इंची जोडी आणि गव्हाण मिळून एक किलो लागते, पण दोन किलो आणा, कारण पहिली जोडी बिघडणारच. माती बरी आहे का ते बघायला बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरा पडल्या तर कोरडी आहे, पाण्याचा हात लावून परत मळा. तरीही पडल्या तर रेताड आहे, ती नको.

मुलांची नेहमीची चूक म्हणजे अंग वेगळं, पाय वेगळे करून चिकटवणं. पाय पहिल्या रात्रीच गळतात. त्याऐवजी अंगठ्यापेक्षा दुप्पट जाड आणि वीतभर लांब वळी करायची. दोन्ही टोकांना दोऱ्याने मधोमध दीड इंच चीर द्यायची आणि दोन्ही फाका खाली वाकवायच्या. चार पाय तयार, सांधा एकही नाही. वशिंड पाठीतूनच चिमटीने वर ओढायचं, गळ्याखालची पोळीही तशीच. डोकं मात्र जोडावंच लागतं. दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये मातीची पातळ रबडी लावायची आणि सांध्यावरून बोट फिरवायचं. नुसतं पाणी लावून दाबलं तर वाळताना डोकं निघून येतं.

शिंगं शेवटी, दुसऱ्या दिवशी, अंग जरा ताठ झाल्यावर. बारीक भाग आधी सुकतो आणि आकसतो, म्हणून शिंगांना ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळून ठेवा. डोळ्यांना ज्वारीचा दाणा लावायचा तर भाजून घ्या, कच्चा दाणा ओल्या मातीत दोन दिवसांत मोड काढतो आणि बैलाला डोळ्यातून कोंब फुटतो! (सात वर्षांच्या मुलाला मुद्दाम हेच हवं असेल तर एक बैल तसा होऊ द्या.) गुंजा दिसायला छान, पण चावून पोटात गेल्या तर विषारी, त्या नकोतच.

पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, मग सावलीत, वाळूवर पसरलेल्या कागदावर, रोज कुशी बदलून. पावसाळी हवेत पाच-सहा दिवस धरा. लवकर वाळावा म्हणून चुलीजवळ किंवा पंख्याखाली ठेवला तर वरचं कवच सुकतं, आतला ओलावा अडकतो आणि पोटावर आडवी चीर जाते. म्हणून ६ जुलैच्या आत करायला घ्या. रंगाला काव आणि पांढरी खडूची पूड, थोड्या डिंकाच्या पाण्यात. चुना नको, डोळ्यात गेला तर पंचाईत.

आजोबांना जमिनीवर बसवू नका. जेवणाच्या टेबलावर गोणपाट घाला आणि त्यांना खुर्चीत बसू द्या.

---

प्रेषक: निपाणीची माहेरवाशीण

खानापूरकर भाऊ, माती तुमची, तिथे बोलायला जागा नाही. पण सगळेच जूनमध्ये जातात असं नव्हे. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत ती मे महिन्यात जातात, आणि काही आजी-आजोबा उन्हाळ्यात इकडेच येतात. त्यांच्यासाठी कुरडया. इथलं कडक ऊन दोन दिवस सलग मिळालं तरी पुरतं.

गहू एक किलो. तीन रात्री भिजत, रोज सकाळी पाणी बदलायचं. हे काम नातवंडाचं, आणि चुकवायचं नाही: एक दिवस पाणी राहिलं तर चीक फार आंबतो आणि कुरडई काळपट होते. वास येतो म्हणून मुलं नाक धरतात, तो यायचाच. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्यातून गाळून चीक रात्रभर स्थिर ठेवायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं, तळाचा घट्ट पांढरा चीक वाटीने मोजायचा.

जितका चीक तितकंच पाणी. पाण्यात मीठ, हिंग आणि चमचाभर तेल घालून उकळी आणा. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे, वाळल्यावर ते वर येतं. चीक बारीक धारेने सोडायचा आणि ढवळणारा हात थांबवायचा नाही. इथे दोन माणसं लागतातच: एक ओतायला, एक ढवळायला, आणि दोघंही मोठी. मुलाला गॅसपासून लांब ठेवा, उकळता चीक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. मग झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ. ओल्या बोटाला चिकटत नाही आणि काचेसारखा चकाकतो, की झाला.

गरम आहे तोवरच सोऱ्यात भरा. गार झाला की सोऱ्या फिरत नाही आणि आजीचं मनगट दुखतं. अकरा वर्षांचं मूल सोऱ्या फिरवेल, धाकटं प्लास्टिकवर तेलाचं बोट लावत पुढे सरकेल. दुसऱ्या दिवशी उलटवायच्या. मोडल्यावर 'कट्' असा आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर अजून ऊन हवं. तळताना भुगा झाला तर चीक कच्चा राहिलाय, पुढच्या वेळी वाफ जास्त द्या.

मेमध्ये बेळगावला करणार असाल तर सकाळी आठच्या आत घालून मोकळे व्हा आणि दुपारी तीनला काहीही झालं तरी आत घ्या. वळीव विचारून येत नाही.

---

प्रेषक: शहापूरकर

पावसाच्या दुपारी चल्लस हा पटावरचा खेळ. कुणी चौका-बारा म्हणेल. कन्नड घरांतही हाच पट आहे, त्यामुळे शेजारच्या अज्जींनाही बोलवता येईल.

पाच बाय पाच घरं खडूने फरशीवरच काढा. आजोबांसाठी पुठ्ठ्यावर, टेबलावर. चारही कडांची मधली घरं आणि मधोमधचं घर यांवर फुली, तिथे मार नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. वेगवेगळ्या रंगांची बटणं चालतात, फुटक्या बांगड्या नकोत, हात कापतात.

फासे विकत आणू नका, चिंचोके घासून करा, त्यातच एक दुपार जाते. चार सारख्या आकाराचे चिंचोके, प्रत्येकाची एकच बाजू खडबडीत दगडावर पांढरी होईपर्यंत घासायची. पाण्याचा थेंब टाकत राहा. कोरडा घासला की तापतो, आणि तो दुसऱ्याच्या हाताला लावून चटका द्यायची अक्कल मुलांना आपोआप सुचते. पांढरी बाजू सपाट झाली पाहिजे. तिला गोलाई राहिली तर चिंचोका कलंडतो आणि दान फसतं.

जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. या दोन्हींना आणि सोंगटी मारल्यावर परत खेळायचं. बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत प्रवेश नाही. आत गेल्यावर दिशा उलटते आणि मधलं घर नेमक्या दानानेच गाठायचं. लागोपाठ तीनदा चार-आठ पडलं तर दान जळतं (बाद होतं) की नाही, जोडसोंगटी चालते की नाही, हे घरागणिक वेगळं. खेळ मांडण्याआधी आजीचा नियम काय ते विचारून घ्या, मध्येच विचारलं तर आजीचा नियम तिच्या सोयीने बदलतो.

मोठ्या मुलाला शंभर दानं टाकून नोंद करायला सांगा. फासे बरोबर असतील तर सोळात साधारण सहा वेळा दोन, चार-चार वेळा एक आणि तीन, आणि एकेकदा चार आणि आठ यायला हवेत. फारच वेगळं आलं तर परत घासायला बसा.

पाऊस उघडला तर विटीदांडू, पण जमीन निसरडी असेल तर राहू द्या. आजोबांनी नुसतं मोजायला बसावं. आपलं मोजणं 'वकट, लेंड, मूंड, नाल' असं. मूल विचारेल हे कुठलं मराठी? तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून द्या, पुढचं मूल स्वतःच बोलतं.

---

प्रेषक: टिळकवाडीकर

सगळ्यांचे आभार, आजीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'माती मीच आणून ठेवते की.' एकच शंका: मुलं बैल इकडे घेऊन यायचा हट्ट धरणार. विमानात चालतात का? आणि शिंगांना आतून काडेपेटीच्या काड्या घातल्या तर?

---

प्रेषक: खानापूरकर

काडी नको. माती आकसते, काडी आकसत नाही, शिंग काडीभोवती उभं फुटतं.

कच्ची माती, बी-बियाणं विमानतळावर लपवून आणू नका. इथे माती आणायला बंदी आहे आणि चिंचोकेही कस्टम्सला सांगावे लागतात. पूजा झाली की बैल पाण्यात सोडायचेच असतात. बादलीत सोडा आणि मुलांना शेजारी बसू द्या. पूर्ण वाळलेला बैल पाण्यात गेला की आधी बुडबुडे सोडतो, मग पाय सुटतात, आणि अर्ध्या-एक तासात तळाशी नुसता गाळ राहतो. तोच गाळ गोणपाटावर टाकून ठेवला तर निघायच्या आदल्या दिवशी अजून एक जोडी होते.