मदत हवी आहे: गुरू शुभ की अशुभ? बुधवारपर्यंत ठरवायचंय

घाईतली_गौरी: एका गुरुजींनी सांगितलं, गुरू उत्तम आहे, त्याचा खडा पुष्कराज घाला. दुसऱ्यांनी पत्रिका बघून कपाळाला हात लावला. म्हणे गुरूच त्रासाचा, शनी चांगला. शनी चांगला?? रास कर्क आहे. शुभ ग्रह कोणते, अशुभ कोणते, एवढंच सांगा. व्रतबित नको.

पुष्य_चरण_दोन: लग्न?

घाईतली_गौरी: हो, झालंय. 14 वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

पुष्य_चरण_दोन: अहो ताई, लग्नरास! जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास. पत्रिकेत पहिल्या घरात आकडा कोणता लिहिलाय?

घाईतली_गौरी: 2. आणि पत्रिका ह्यांची आहे, माझी नाही.

निवृत्त_काका: कर्केला साडेसाती नाही. अष्टम शनी (राशीपासून आठवा) होता, तोही मार्च 2025 मध्ये शनी मीनेत गेला तेव्हा संपला. शनिवारी मारुतीला तेल वाहत राहा.

घाईतली_गौरी: काका, साडेसातीचं मी विचारलंच नाही.

पुष्य_चरण_दोन: 2 म्हणजे वृषभ लग्न. आता दोघांचं काय झालं ते कळलं. पहिल्यांनी राशीवरून, म्हणजे चंद्र जिथे आहे तिथून पाहिलं. कर्केपासून गुरू नवव्याचा मालक, भाग्येश, म्हणून उत्तम. (सहाव्याचाही तोच, ते सोडून दिलं.) दुसऱ्यांनी लग्नावरून पाहिलं, आणि तेच बरोबर. गुरू-शुक्र जात्याच शुभ, शनी-मंगळ जात्याच पापी, हे झालं नैसर्गिक. पण तुमच्या पत्रिकेत कोण कसा वागेल, हे त्याच्याकडे कुठली घरं आहेत त्यावर. 1, 5, 9 चे मालक शुभ. 3, 6, 11 चे अशुभ, मग तो गुरू का असेना. वृषभेला शनी नवव्याचा आणि दहाव्याचा मालक, एक त्रिकोण (1, 5, 9) एक केंद्र (1, 4, 7, 10), म्हणून योगकारक, म्हणजे सगळ्यात शुभ. बुध 2 आणि 5 चा, चांगला. मंगळ 7 आणि 12 चा, मारक, म्हणजे घातक. शुक्र लग्नेश (1 चा मालक), पण षष्ठेशही (6 चा), म्हणजे घरचाच पण कटकट्या. गुरूकडे 8 आणि 11. अशा ग्रहाचं रत्न घालून त्याला बळ कशाला द्यायचं?

हंसयोगी: इतकं सरळ नसतं. गुरू बसलाय कुठे? दशा, म्हणजे सध्याचा काळ, कोणाची?

घाईतली_गौरी: आठव्या घरात, 9 आकड्यात. शनी सहाव्यात. शुक्राच्या महादशेत गुरूचं अंतर, म्हणजे त्यातला छोटा काळ, लागलंय म्हणून तर हे सगळं. वय 42.

हंसयोगी: धनूचा गुरू, स्वगृही, म्हणजे स्वतःच्याच राशीत! तुळेचा शनी, उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बलवान! अष्टमात स्वगृही गुरू आयुष्य देतो. बेलाशक घाला.

पुष्य_चरण_दोन: आयुष्य देईल, पण अष्टमेश म्हणून अडथळेही देईल. हे अंतर 2 वर्षं 8 महिन्यांचं आहे, तेवढा काळ बोटात आठवं घर घालून हिंडायचं का?

केपीवाला: घरमालकी बघत बसू नका, नक्षत्रस्वामी (नक्षत्राचा मालक) आणि उपस्वामी (नक्षत्राच्या भागाचा मालक) बघा. केपी पद्धत काढणाऱ्या कृष्णमूर्तींनी हा घोळ कधीच मिटवलाय. लग्नाचे अंश द्या.

घाईतली_गौरी: वृषभ 29 अंश 10 कला.

केपीवाला: अरे देवा. अयनांश कोणता?

घाईतली_गौरी: ते काय असतं? मोबाइलवर काढली.

पुष्य_चरण_दोन: 🙏 हे आधी सांगायचंत ना. अयनांश म्हणजे राशी कुठून मोजायच्या त्याचा आकडा, लाहिरीचा वेगळा, रामनचा वेगळा. रास 30 अंशांची, तुमचं लग्न अगदी काठावर. लाहिरीने काढली असेल तर वृषभ. रामन अयनांश घेतला तर दीडेक अंश पुढे सरकून मिथुन लग्न होतं. वेळेत चार मिनिटांची चूक असली तरी तेच.

हंसयोगी: मिथुन लग्न असेल तर गुरू सातव्यात, केंद्रात, स्वगृही. म्हणजे हंस योग, मोठा शुभ योग! मी म्हणत होतो.

पुष्य_चरण_दोन: 7 आणि 10 चा मालक असलेला गुरू म्हणजे केंद्राधिपत्य दोष. शुभ ग्रहाकडे केंद्रं आली की त्याचं शुभत्व जातं. वर मिथुनेसारख्या द्विस्वभाव लग्नाला सातवं घर बाधक, म्हणजे अडथळ्याचं. नाव दिलंत म्हणून हंस होत नाही.

रत्नागिरीकर: आमच्याकडे टिळक पंचांग. त्याने तर सरळ मिथुनच येईल, त्याच्या अयनांशात लाहिरीशी चार अंशांचा फरक आहे.

निवृत्त_काका: म्हणूनच तुमचे गणपती काही वर्षी आमच्या आधी महिनाभर येऊन जातात. दाते पंचांग वापरा.

रत्नागिरीकर: गणपतीवर येऊ नका, काका.

साधा_प्रश्न: 2008 मध्ये नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखा म्हणून. उत्तरं पाठवली 27 ज्योतिषांनी, सरासरी बरोबर 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50.

हंसयोगी: आले. यांच्या धाग्यावर आम्ही जातो का?

पुष्य_चरण_दोन: गौरीताई, जन्मवेळ कुठून घेतली? दवाखान्याच्या कागदावर आहे का? तारीख-वेळ इथे जाहीर टाकू नका, फक्त वेळ पक्की आहे का तेवढं सांगा.

घाईतली_गौरी: सासूबाई म्हणतात, "पाणी आलं होतं तेव्हा." नळाचं.

केपीवाला: 😂 मग नळ कधी यायचा ते नगरपालिकेला विचारा.

पुष्य_चरण_दोन: मग लग्नच पक्कं नाही. आधी कागद शोधा, वेळ सापडेपर्यंत खडा नको. पण बुधवारची एवढी घाई का?

घाईतली_गौरी: अंगठी तयार आहे. सव्वापाच रत्ती. गुरुवारी घालायची, म्हणून सोनार बुधवारी देतोय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

साधा_प्रश्न: परत घेतोय का विचारा.

घाईतली_गौरी: विचारलं. घडणावळ कापून घेईन म्हणाला. कागद बघते सासूबाईंच्या ट्रंकेत.

नवी_सभासद_77: नमस्कार, माझ्या भाचीला मंगळ आहे म्हणतात. कोणी बघेल का? रास सिंह.

पुष्य_चरण_दोन: लग्न?