घरच्या सर्व्हरवरचा हळू आवाज: तुमचेही किस्से सांगा

रिमोटवाली
काल रात्री वरच्या घरातून बराच वेळ नुसती कुजबुज, मग एकदम धडाम्, लगेच चिडीचूप, परत कुजबुज. मी अंथरुणात पडल्या पडल्या हसायला लागले कारण हेच आमच्याकडे सहा महिने चाललं होतं. जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (आपल्या फाइली घरभर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकून बाबांना टीव्हीवर सिनेमे लावून दिले होते. बाबा संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज ८० वर नेणार, मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धडपडणार, आतून आई ओरडणार. नंतर नंतर ते सबटायटल लावून गप्प बघायला लागले. मला म्हणाले, वय झालं गं, कान गेले. तपासूनही आले, कान ठणठणीत! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आवाजाचा ट्रॅक ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी सहा चॅनेलचा, टीव्हीला स्पीकर दोन. संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनेलवर असतात, ते डाव्या-उजव्यात मिसळताना आवाज फाटू नये म्हणून सगळंच खाली ओढलं जातं. जेलीफिनच्या डॅशबोर्डात ट्रान्सकोडिंगमध्ये (सर्व्हर फाइल बदलून पाठवतो ते) डाउनमिक्सच्या, म्हणजे जास्त चॅनेल दोनात मिसळण्याच्या, वेळचा ऑडिओ बूस्ट असतो, तो मुळात २ असतो, मी ३ केला. बाबांनी त्या दिवशी सबटायटल बंद केले. एवढ्याशा आकड्यासाठी माणूस सहा महिने स्वतःला म्हातारा समजत होता, अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय झालं होतं?

खोडरबर
३ केलं, ४ केलं, ढिम्म. दोन दिवस शिव्या घातल्यावर कळलं की डायरेक्ट प्ले चालू होतं, म्हणजे सर्व्हर फाइल जशीच्या तशी पुढे ढकलत होता, त्याने हातच लावला नाही तर बूस्ट लागणार कुठून. प्लेबॅक सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ऑडिओ चॅनेल स्टिरिओ केले तेव्हा ट्रान्सकोड व्हायला लागलं आणि मग ४ वर असा कर्कश झाला की कुत्रा पळाला. आता २ वरच आहे.

निवांत_काकू
बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. आमच्याकडे सासूबाईंना वाटायचं मीच मुद्दाम आवाज कमी करून ठेवते 😄

रात्रपाळी
कोडी प्लेअरवर सिनेमे बघणाऱ्यांनो, डाउनमिक्सवर मूळ आवाज कायम ठेवा असा एक पर्याय ऑडिओ सेटिंगमध्ये लपलेला आहे, सेटिंगची पातळी साधीवरून तज्ज्ञाकडे वाढवल्याशिवाय दिसतच नाही. चालू सिनेमातही व्हॉल्यूम अ‍ॅम्प्लिफिकेशन वाढवता येतं. फक्त पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढच्या यंत्राकडे पाठवणं) चालू असेल तर यातलं काहीच लागत नाही, माझा एक अख्खा रविवार त्यात गेला, जेवण गार, बायको त्याहून गार.

अर्धी_चड्डी
मी अतिशहाणा. म्हटलं रोज रोज कोण बूस्ट करणार, फाइलीच सुधारू. एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या साधनाचा लाउडनॉर्म (आवाज एका पातळीवर आणणारा फिल्टर) लावून रात्रभर स्क्रिप्ट चालवली, व्हिडिओ कॉपी, फक्त ऑडिओ नवा, वर मूळ फाइली उडवायची सोय पण करून ठेवली. सकाळी आवाज मस्त. आठवड्याने मुलगी म्हणाली, बाबा याची दुसरी भाषा कुठे गेली? तर सगळे ट्रॅक घे असं सांगणारं मॅप लिहायलाच विसरलेलो, आणि न सांगितलं तर ते प्रत्येक प्रकारातला एकच ट्रॅक उचलतं. दीडशे फाइलींच्या डब केलेल्या भाषा आणि जादाचे सबटायटल गायब. बॅकअप? विचारू नका.

खोडरबर
बॅकअप?

अर्धी_चड्डी
😑

शुद्धनाद
थोडं विरोधी बोलतो. कुजबुज आणि स्फोट यांतला फरक मुद्दाम ठेवलेला असतो, तो सपाट केला तर सिनेमाच मेला. नीट स्पीकर घ्या की. आणि एक, डॉल्बीच्या ट्रॅकमध्येच डायलनॉर्म नावाचा, संवादाची पातळी सांगणारा -१ ते -३१ मधला आकडा लिहिलेला असतो. -२७ असेल तर डीकोडर (ट्रॅक उलगडून वाजवणारा भाग) ४ डेसिबलने (३१ वजा २७) आवाज उतरवतो, म्हणून शेजारचा स्टिरिओ ट्रॅक मोठा वाटतो. बिघाड नाही तो.

निवांत_काकू
शुद्धनाद, तुमच्या घरात झोपलेलं तान्हं बाळ नाही हे कळलं.

रात्रपाळी
+१. रात्री मुकाट्याने टीव्हीच्या आवाजाचा नाइट मोड लावायचा, सकाळी शुद्ध व्हायचं.

पेनड्राइव्ह
वेगळा प्रश्न, रिमोटवाली, तो जुना लॅपटॉप २४ तास चार्जिंगलाच असतो का? माझ्या लॅपटॉपची बॅटरी अशीच फुगली, टचपॅड वर आला होता.

रिमोटवाली
बाप रे, हो, कायम लावलेलाच असतो. काढून टाकू का बॅटरी?

पेनड्राइव्ह
सुटी निघत असेल तर काढ, बिनबॅटरीचा चालतो का ते आधी बघ. फुगलेली असेल तर दाबू-टोचू नको. माझ्या सर्व्हरचा पंखाच असा घरघरतो की संवाद तसेही ऐकू येत नाहीत.

चहाटळ
धागा अर्धाच वाचलाय, कुकर लावलाय. माझ्याकडे जेलीफिनऐवजी प्लेक्स आहे, त्यात कुठे असतं हे?

खोडरबर
ब्राउझरमधून बघत असशील तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ बूस्ट, स्मॉल-लार्ज-ह्यूज असं. पण तेही ट्रान्सकोड होत असेल तरच. आधी ट्रॅकची यादी उघडून बघ, कित्येकदा त्याच फाइलमध्ये स्टिरिओ ट्रॅक पडलेला असतो, तो निवडला की काम संपलं.

चहाटळ
होता की!! दोन वर्षं मी ५.१ लावून टीव्हीला कान चिकटवून बसतेय 🙈

निवांत_काकू
रिमोटवाली, आता बाबा आवाज कितीवर ठेवतात?

रिमोटवाली
२५. आता आईला ऐकू येत नाही. तिचे कान तपासायचेत, पण ती यायला तयार नाही.